टीजेची नवी प्रवेशपद्धत आणि मधूनच शाळा सोडणारी मुलं

शेवटचा बाक

आम्ही व्हर्जिनियात, फेअरफॅक्स काउंटीत राहतो. धाकटी आठवीत आहे. गेले तीन महिने दोन मराठी घरं भेटली की चहा गाळून होईपर्यंत विषय टीजेवर आलेला असतो. सगळं बोलणं एकाच गोष्टीभोवती: प्रवेश कोणाला मिळाला, कोणाचा हुकला, कोणामुळे हुकला. मला वेगळं काहीतरी विचारायचंय, पण ज्यांना ही शाळा माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं मागचं सांगते.

टीजे म्हणजे थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी. १९८५ साली सुरू झालेली सरकारी शाळा, नववी ते बारावीची. फी नाही, पण मुलं निवडून घेतात. फेअरफॅक्ससोबत लाउडन, प्रिन्स विल्यम, आर्लिंग्टन या काउंट्यांतली आणि फॉल्स चर्च शहरातली मुलं अर्ज करतात. पूर्वी १०० डॉलर अर्जाची फी, मग परीक्षा, निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रं, आणि शेवटी साधारण ४८० मुलांची निवड. २०२० च्या उन्हाळ्यात जी यादी लागली तिच्यात कृष्णवर्णीय मुलं इतकी कमी होती, दहाच्याही आत, की काउंटीने तो आकडा छापलाच नाही. त्याच वर्षी डिसेंबरात स्कूल बोर्डाने पद्धत बदलली. परीक्षा काढली, फी काढली, शिफारसपत्रं काढली. जागा ५५० केल्या. आठवीत किमान ३.५ जीपीए (चारपैकी सरासरी गुण) हवा आणि आल्जिब्रा वन, म्हणजे बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम, झालेलं हवं. प्रत्येक सरकारी मिडल स्कूलच्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा त्या शाळेतल्या मुलांसाठी, उरलेल्या सगळ्यांसाठी खुल्या. शिवाय मूल मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र आहे का, इंग्रजी शिकतं आहे का, अशा गोष्टींचे जादा गुण. अर्ज तपासणाऱ्याला मुलाचं नाव दिसत नाही, वंशही दिसत नाही.

२०२१ च्या पहिल्याच यादीत आशियाई मुलांचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५४ वर आलं. आर्थिकदृष्ट्या मागे असलेल्या घरांतली मुलं आदल्या वर्षी एक टक्कासुद्धा नव्हती, ती २५ टक्के झाली. मग कोर्ट. कोअलिशन फॉर टीजे या पालकांच्या गटाने दावा लावला. फेब्रुवारी २०२२ मध्ये जिल्हा न्यायाधीश क्लॉड हिल्टन यांनी नवी पद्धत घटनाबाह्य ठरवली. मे २०२३ मध्ये फोर्थ सर्किट या अपील कोर्टाने तो निकाल दोन विरुद्ध एक असा फिरवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण विभागाने या पद्धतीची चौकशी उघडली.

एवढी वर्षं, एवढे वकील, आणि सगळा खल दारापाशीच. माझा प्रश्न दाराच्या आतला आहे. आत गेलेल्या मुलांपैकी किती जण दहावीच्या जूनपर्यंत तिथे टिकतात? सोडून आपल्या भागातल्या बेस स्कूलला परत येतात ती कोण, आणि का येतात? या वर्षी आमच्या ओळखीतलीच दोन मुलं परत आली. दोन्ही घरांतून सांगितलेलं कारण एकच, "प्रवास फार होत होता". मला ते पुरेसं वाटत नाही. कोणाला अनुभव आहे का?


रोखठोक

ताई, प्रश्न महत्त्वाचा आहे, पण उत्तर त्या दारातच आहे. ज्या मुलाची तयारी पाहिलीच नाही त्याला आत घेतलं तर ते बाहेर पडणारच. सॅन फ्रान्सिस्कोच्या लोवेल हायस्कूलचं बघा. १८५६ पासूनची शाळा, गुण आणि परीक्षेवर प्रवेश. महामारीत गुण आणि परीक्षा दोन्ही विस्कटल्या म्हणून २०२१ च्या नववीसाठी लॉटरी काढली. पुढच्याच सहामाहीत त्या ६२० मुलांपैकी २४.४ टक्के मुलांना किमान एका विषयात डी किंवा एफ मिळाला. आदल्या वर्षी हे प्रमाण ७.९ टक्के होतं, त्याच्या आधी ७.७. एका वर्षात तिप्पट! फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या मतदारांनी बोर्डाचे तीन सदस्य मतदान करून पदावरून हटवले आणि त्याच जूनमध्ये, त्यांच्या जागी नवे सदस्य आल्यावर, बोर्डाने चार विरुद्ध तीन मतांनी जुनी पद्धत परत आणली.

टीजेचंही तेच. नव्या पद्धतीच्या पहिल्या तुकडीची नॅशनल मेरिट सेमीफायनलिस्टची, म्हणजे देशपातळीवरच्या परीक्षेत अगदी वर आलेल्या मुलांची, यादी २०२४ च्या सप्टेंबरात लागली. आदल्या तुकडीचे १६५ होते, या तुकडीचे ८१.

आता घरचं सांगतो. माझी मुलगी सातवीत आहे, ज्या मिडल स्कूलमधून पूर्वी भरपूर मुलं टीजेला जायची तिथे. सहावीपासून ती स्वतःहून गणिताच्या स्पर्धांना बसते. शाळेच्या हद्दीची रेघ आमच्या रस्त्यावरून जाते. समोरच्या घरातलं मूल दुसऱ्या मिडल स्कूलला जातं. दीड टक्क्याच्या नियमामुळे त्याची स्पर्धा वेगळी आणि हिची वेगळी. हिने कमी अभ्यास केला म्हणून नव्हे, आम्ही रस्त्याच्या या बाजूला घर घेतलं म्हणून. हे मी तिला कसं समजावू? "तुझ्यासारख्या मुली तुझ्या शाळेत जास्त आहेत" असं बापाने मुलीला सांगायचं का?


काठावरून

रोखठोक, तुमच्या शेवटच्या परिच्छेदावर माझ्याकडे उत्तर नाही, ते दुखणं खरं आहे. आकड्यांवर मात्र बोलतो, कारण मी दिवसभर तेच काम करतो.

लोवेलची ती तुकडी दीड वर्ष घरात पडद्यासमोर बसून नववीत आली होती. तिथले तेव्हाचे मुख्याध्यापकही हेच म्हणाले, की यात फार गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत, एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. टीजेची २०२१ ची तुकडीही तीच, सातवीचा शेवट आणि आठवी महामारीतली. म्हणजे दोन्हीकडे नवी पद्धत आणि महामारी एकाच वर्षी आल्या. पद्धतीचा परिणाम बघायचा तर त्यानंतरच्या तुकड्या बघाव्या लागतील. आणि लॉटरी वेगळी, टीजेची निवड वेगळी. टीजेत ३.५ जीपीएची अट आहे, देखरेखीखाली निबंध लिहून घेतात. दोन्ही एकाच तागडीत घालू नका.

नॅशनल मेरिटचंही तसंच. ती अकरावीतली एका दिवसाची परीक्षा आहे आणि यादीत फक्त अगदी वरची मुलं येतात. ज्यांना टीजेत प्रवेश मिळाला नाही ती हुशार मुलं काही गायब झाली नाहीत, ती आपापल्या बेस स्कूलमध्ये त्याच परीक्षेला बसली. मोजायचंच तर सगळ्या काउंटीचे मोजा.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. गळती मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. ५५० जणांना प्रवेश देऊ केला म्हणजे ५५० आले असं नसतं. काही जण पहिल्या दिवसाआधीच नाही म्हणतात, त्यांना गळतीत धरायचं नाही. काहींच्या आईवडिलांची बदली होते. आपल्या भागात लष्करातली, परराष्ट्र खात्यातली, व्हिसावरची किती घरं आहेत! तीही वेगळी. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे टीजे दहावीतही नवीन मुलं घेते. समजा नववीत ५४० होती, ४० गेली, दहावीत ४० नवी आली. पटावर आकडा ५४० चा ५४०. बोर्डाच्या सभेत कोणी विचारलं तर "पट स्थिर आहे" हे उत्तर खरंही असेल आणि त्यातून काही कळणारही नाही. एकेका मुलाचा माग त्याच्या तुकडीसोबत ठेवला तरच चित्र दिसतं.


दुपारची उन्हं

काठावरून, शेवटचा मुद्दा फार चांगला. माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं.


ओसरी

दोन दिवस लिहू की नको करत होते.

आम्ही व्हर्जिनियात नाही, दुसऱ्या राज्यात आहोत. शाळेचं नाव आणि गाव लिहीत नाही, मुलीची ओळख नको. पण शाळा अशीच, निवडून घेणारी, सरकारी, आणि तिथेही आमच्या आधी दोन वर्षं प्रवेशाची पद्धत बदलली होती. मुलीला मिळाला. आमच्या मिडल स्कूलमधून कितीतरी वर्षांत कोणी गेलं नव्हतं. तिच्या सायन्सच्या बाई आमच्यासमोर रडल्या होत्या आनंदाने.

सहा दहाची बस. ती पाचला उठायची, मी तिच्यासोबत. मिडल स्कूलमध्ये तिला गणितात कधी ए सोडून काही मिळालं नव्हतं. तिथली रीत अशी होती की सर चार प्रकारची गणितं करून दाखवत आणि परीक्षेत तेच चार प्रकार येत, आकडे बदलून. ती ते फार नेटकं करायची. नव्या शाळेत पहिल्या चाचणीत ५८. दुसरीत ५१. तिने मला सांगितलं नाही. व्हायोलिनच्या पेटीत, अस्तराच्या खाली, ते पेपर घड्या करून ठेवलेले मला नोव्हेंबरात सापडले. पाच होते. प्रत्येकावर तिने स्वतः पेन्सिलने चुकलेली गणितं पुन्हा सोडवायचा प्रयत्न केला होता, खोडून खोडून कागद झिरझिरीत झाला होता. म्हणजे पोरगी प्रयत्न करत होती. एकटी, रात्री.

शाळेत मदतीचे तास नव्हते असं नाही, होते. शाळा सुटल्यावर. पण उशिराची बस आठवड्यातून दोनच दिवस होती आणि गणिताचे सर त्यातल्या एकाच दिवशी बसत. ज्यांचे आईवडील गाडी घेऊन येऊ शकतात त्यांच्यासाठी आठवड्याचे चार दिवस, तिच्यासाठी एक. मी तेव्हा दुकानात संध्याकाळच्या पाळीला होते.

फेब्रुवारीत ती म्हणाली, आई, मला परत जायचंय. आम्ही समुपदेशकांकडे गेलो. चांगल्या वागल्या त्या. पण भेट बारा मिनिटांची होती, मी घड्याळ बघितलं होतं. परत जाण्याचा फॉर्म एका पानाचा. त्यावर कारणाचा रकाना होता आणि त्यात चार पर्याय आधीच छापलेले: स्थलांतर, प्रकृती, प्रवास, वैयक्तिक. खूण करायची फक्त. मी विचारलं, गणित हे कारण कुठे लिहू? त्या म्हणाल्या, वैयक्तिकवर करा.

ताई, तुमच्या ओळखीतल्या त्या दोन घरांनी "प्रवास" सांगितलं ना, तेव्हा मला तो फॉर्म आठवला. तिच्या वर्गातून त्या वर्षी आणखी जी मुलं गेली त्यांनीही कुठेतरी अशीच खूण केली असणार. शाळेकडे आकडा असेल. कारण नसेल.


रोखठोक

ओसरी ताई, वाचून गलबलून आलं. तुमच्या मुलीच्या कष्टांबद्दल मनापासून आदर आहे. पण रागावू नका, मला हेच म्हणायचं होतं. तिची चूक नाही, ज्यांनी तयारी न बघता तिला तिथे बसवलं त्यांची चूक आहे. परीक्षा असती तर त्या मुलीवर ही वेळ आली नसती.


ओसरी

परीक्षा असती तर ती गेलीच नसती, एवढं नक्की. पण तिला विचाराल तर ती वेगळं सांगते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती वर्गात पुढे होती. तिथल्या सरांनी तिला सुट्टीत सूक्ष्मदर्शक वापरायला दिला होता. ते दिवस तिला आजही हवे आहेत. तिला शाळा झेपत नव्हती असं सरसकट म्हणू नका. तिला नववीच्या पहिल्या चार महिन्यांचं गणित झेपलं नाही.


गणिताच्या बाई

मी बावीस वर्षं गणित शिकवते, आधी महाराष्ट्रात, आता इथे कम्युनिटी कॉलेजात. ओसरींनी लिहिलेलं "चार प्रकार" मी दर सप्टेंबरात बघते. म्हणून जरा लांब लिहिते.

नववीत आलेल्या मुलाला मी पहिल्या दिवशी एक गणित घालते. x² − 5x + 6 = 0 सोडव. दहा सेकंदांत उत्तर येतं, २ आणि ३. मग म्हणते, आता ६ च्या जागी k लिही. k च्या कोणत्या किमतींना या समीकरणाला दोन वेगवेगळी धन उत्तरं मिळतील? बहुतेक मुलं इथे थांबतात. त्यांना एकही नवीन सूत्र लागणार नाहीये. दोन उत्तरं वेगळी हवीत म्हणजे वर्गमुळाखालची राशी धन हवी, २५ वजा ४k शून्यापेक्षा मोठं. उत्तरांची बेरीज ५ आहेच, मग दोन्ही धन हवीत म्हणजे गुणाकारही धन हवा, आणि गुणाकार म्हणजेच k. सगळं साहित्य मुलाकडे आहे. पण त्याला आजवर कोणी "शोध" म्हटलेलंच नाही, "सोडव" म्हटलंय.

हा फरक बुद्धीचा नाही, सवयीचा आहे, आणि सवय लावता येते. माझा अनुभव असा की रोज दीड तास, पाच-सहा आठवडे, असे प्रश्न घेऊन बसलं तर ३.५ जीपीएवाली बहुतेक मुलं या वळणावरून पुढे जातात. सगळी नाही जात. पण जी जात नाहीत त्यांना आणि त्यांच्या घरच्यांनाही ते ऑगस्टमध्येच, कोणताही शिक्का न बसता कळतं. व्हायोलिनच्या पेटीत पेपर लपवावे लागत नाहीत.

आता टीजेसारख्या शाळेत काय होतं बघा. तिथून बाहेर पडायच्या आत कॅल्क्युलस झालेलं लागतं. एक मूल आठवीत फक्त आल्जिब्रा वन करून येतं. शेजारच्या बाकावरचं मूल जॉमेट्री आणि आल्जिब्रा टूसुद्धा आठवीच्या आत संपवून आलेलं असतं. पहिल्याला मधलं अंतर कापताना बाकीचे विषयही तेवढ्याच वेगाने करायचे असतात. म्हणून कितीतरी घरं प्रवेश मिळाला की त्याच उन्हाळ्यात मुलाला जॉमेट्रीच्या समर क्लासला घालतात. जॉमेट्री त्या उन्हाळ्यात उरकायची असते हे ज्या घराला कोणीतरी सांगितलेलं असतं, ते घालतं. ज्याला कोणी सांगत नाही, त्याचं मूल जुलैभर धाकट्या भावाला सांभाळतं. प्रवेशाची पद्धत बदलली की आल्जिब्रा वनवाल्या मुलांचं प्रमाण वाढणार हे बोर्डाला दिसायला हवं होतं. मग दार रुंद करताना आतला जिनाही त्याच वर्षी बांधायला हवा होता. प्रवेशपत्रासोबतच त्या उन्हाळ्याच्या वर्गाची जागा, बस आणि जेवण आलं पाहिजे. मागावं लागता कामा नये.


पुणेकर वाचक

अमेरिकेतलं मला फार कळत नाही, पण बाईंनी सांगितलेला जिना आपल्याकडे एका ठिकाणी आहे. आयआयटीत राखीव जागांवर थोडक्यात हुकलेल्या मुलांसाठी प्रिपरेटरी कोर्स असतो. एक वर्ष भौतिक, रसायन, गणित पक्कं करून घेतात आणि मग ती मुलं पहिल्या वर्षाला बसतात. आणि तो जिना पुरा पडला नाही की काय होतं तेही आपण पाहिलंय. २०१५ मध्ये आयआयटी रुडकीने पहिल्या वर्षात गुण कमी पडले म्हणून ७३ मुलांना एकदम काढलं होतं. त्यात बरीच मुलं राखीव गटांतली होती. गदारोळ झाल्यावर पुन्हा संधी दिली. पण त्या निमित्ताने निदान आकडा सगळ्या देशाला कळला. एकेक मूल गुपचूप फॉर्म भरून गेलं असतं तर कोणालाच कळलं नसतं.


जुना विद्यार्थी

मी अशाच एका शाळेत शिकलो, परीक्षा देऊन, कोचिंग लावून. शाळेचं नाव मीही सांगत नाही. परीक्षेच्या काळातही मुलं सोडून जायची हे आवर्जून सांगतो. आमच्या बसमध्ये नववीच्या सुरुवातीला एकवीस जण होतो, दहावी संपताना सोळा. एक मुलगा फुटबॉलसाठी गेला. एक मुलगी म्हणाली की तिला चार तास झोप मिळते आणि हे तिला नको. दोघांच्या घरच्यांनी हिशेब केला की इथे मधल्या फळीत राहण्यापेक्षा बेस स्कूलमध्ये वर राहिलं तर कॉलेजला बरं पडेल. हे सगळे परीक्षेत उत्तम गुण मिळवून आलेले.

म्हणून गळतीचा एकच आकडा घेऊन कोणी नाचू नये. झोपेसाठी गेलेली मुलगी आणि मदत न मिळाल्यामुळे गेलेली मुलगी एकाच रकान्यात घातल्या तर दोघींवर अन्याय. पहिलीने विचार करून निवड केली. दुसरीकडे निवड करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आणि कोचिंगबद्दल. टीजेने मध्यंतरी क्वांट-क्यू नावाची परीक्षा आणली होती, तिची तयारी करून घेता येणार नाही अशा समजुतीने. दोन-तीन वर्षांत तिचेही क्लास निघाले. परीक्षा परत आणा म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. मी स्वतः क्लासवाला आहे, मला त्याचा फायदा झाला, आणि पहिल्या सहामाहीत मला गणितात सी होता.


रोखठोक

काल रात्री जेवण झाल्यावर बाईंचं k चं गणित मुलीला घातलं. खरं सांगतो, खात्री होती की ती लगेच करेल. तिने तीन मिनिटांत उत्तर दिलं, k हा ६.२५ पेक्षा लहान. वर्गमुळाचा भाग बरोबर. मी म्हटलं, k उणे सहा घालून बघ. घातलं तर उत्तरं आली ६ आणि उणे १. ती बघतच राहिली. मग स्वतःच म्हणाली, "बाबा, गुणाकार." आणि खाली लिहिलं, k शून्यापेक्षा मोठाही हवा.

दोन वर्षं क्लास, स्पर्धा, सगळं करून ती तिथेच अडखळली जिथे बाई म्हणाल्या. सांगितल्यावर तिला अर्धं मिनिट लागलं. मी बराच वेळ तसाच बसून होतो.

परीक्षा हवी या मतावर मी अजूनही आहे. मुलाला आपण कुठे उभे आहोत हे आधी कळायला हवं, आणि हद्दीच्या रेघेवर कोणाचं नशीब ठरू नये. पण ओसरी ताईंना मी लिहिलं होतं की परीक्षा असती तर ही वेळ आली नसती, ते वाक्य मी मागे घेतो. परीक्षा देऊन गेलेल्या मुलीवरही ती वेळ येऊ शकते. माझ्या मुलीवर आली तर ती पेपर कुठे लपवेल याचा मी काल रात्री विचार करत होतो.


ओसरी

दादा, मनापासून लिहिलंत, आभार. माझी आता अकरावीत आहे, बेस स्कूलमध्ये. बरी आहे. जीवशास्त्र एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं, घेतलंय. त्या शाळेवरून बस गेली की अजूनही खिडकीतून दुसरीकडे बघते.


शेवटचा बाक

सगळ्यांचे आभार. पुढच्या महिन्यात बोर्डाच्या सभेत बोलण्यासाठी मी नाव दिलंय. दोन-तीन मिनिटं मिळतील. प्रवेशपद्धतीच्या बाजूने किंवा विरुद्ध मी एक अक्षर बोलणार नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ असतात. एवढंच मागणार आहे:

प्रत्येक तुकडीतली किती मुलं पहिल्या दिवशी वर्गात बसली आणि त्यातली किती दहावीच्या शेवटी तिथेच होती, हे दर वर्षी जाहीर करा. दहावीत आलेली नवी मुलं वेगळी दाखवा. सोडणाऱ्या प्रत्येक मुलाशी आणि पालकांशी, शाळेबाहेरच्या माणसाने बसून बोलावं आणि कारण त्यांच्या शब्दांत लिहून घ्यावं. आणि प्रवेशपत्रासोबत उन्हाळ्याचा गणिताचा वर्ग, बससकट, आपोआप मिळावा.

काही राहिलं का?


काठावरून

आठवीत कोणतं गणित झालं होतं त्याप्रमाणे आकडे फोडून मागा. आल्जिब्रा वन करून आलेली किती टिकली, पुढचं करून आलेली किती. ते नाही मागितलंत तर वंशाप्रमाणे फोडलेला आकडा हातात येईल, त्यावर पुन्हा तेच भांडण सुरू होईल आणि गणिताचा वर्ग तसाच राहील. आणि जिथे मुलं दहाच्या आत असतील तिथे आकडा छापत नाहीत, म्हणून दोन-तीन तुकड्या एकत्र करून मागा.


रोखठोक

उशिराच्या बसचंही घाला, रोज हवी. आणि मी सभेला येतो. माझं म्हणणं वेगळं आहे, पण या मागण्यांना दुसरं नाव म्हणून माझं लावा. दोन्ही बाजूंची माणसं एका कागदावर दिसली तर निदान वाचतील.


शेवटचा बाक

घातलं, दोन्ही. तुमचं नावही. या, नक्की या.


गणिताच्या बाई

जुलैत मी सोमवार ते गुरुवार संध्याकाळी ऑनलाइन बसेन, नववीत जाणाऱ्या मुलांसाठी. पैसे नाहीत. कुठल्याही शाळेत जाणारं मूल चालेल, निवडक शाळाच हवी असं नाही. बारा मुलांपर्यंत घेईन, त्यापुढे प्रत्येकाची वही बघता येत नाही.


रोखठोक

बाई, माझी मुलगी अजून सातवीत आहे, बसली तर चालेल का? आणि रस्त्यापलीकडच्या घरातला मुलगा आठवीत आहे. त्याला प्रवेश मिळालाय. त्याची आई काल विचारत होती की उन्हाळ्यात काही करायचं असतं का. दोघांना एकाच टेबलावर बसवतो, आमच्याकडे.


गणिताच्या बाई

बसवा दोघांना. कागद-पेन्सिल हवी, कॅल्क्युलेटर नको. आणि k चं गणित मुलाला आधी सांगू नका, ते माझ्याकडे राहू द्या.